वरिष्ठ सभागृह आणि सर्वोच्च न्यायालय

पेणच्या किंवा रोहे-अष्टमीच्या नगरपालिकेत निवडून आलेल्या सभासदाला दिवाबत्ती, गटारे आणि पाणीपट्टी यांखेरीज आणखी एक काम असते, ते पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विधान परिषदेवर स्थानिक संस्थांचे जे प्रतिनिधी जातात, त्यांच्या निवडणुकीत तो मतदार असतो. म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा एक धागा थेट आपल्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोचतो. सर्वोच्च न्यायालयाचा असा धागा इकडे येत नाही. तेथील न्यायमूर्तींना राष्ट्रपती नेमतात आणि ६५ वर्षे वयापर्यंत ते त्या आसनावर असतात. तरीही कायद्याची वाट अडविण्याचे सामर्थ्य दोघांपाशी आहे. मग दोघांत फरक तो कोणता?

इंग्लंडात हा प्रश्न फार काळ असा पडलाच नाही. लॉर्डांचे सभागृह हेच तेथे वरिष्ठ सभागृह होते आणि शेवटचे अपील ऐकणारे न्यायपीठही तेच. वेगळे सर्वोच्च न्यायालय तेथे २००९ साली सुरू झाले. आपल्या घटनेने मात्र १९५० सालीच ही दोन घरे निराळी बांधली.

विधान परिषदेचे सामर्थ्य मर्यादित आहे. विधानसभेने पाठविलेले साधे विधेयक ती पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना थांबवू शकते. पुढे विधानसभेचेच चालते. पैशाच्या विधेयकाला तर चौदाच दिवस. थोडक्यात, “जरा थांबा, पुन्हा विचार करा,” एवढे म्हणण्याचा तिला हक्क आहे.

न्यायालय हे म्हणत नाही. ते वेगळेच विचारते. त्याचा अनुभव आपल्या भागातल्या कुळांना आहे. अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकरी संप १९३३ साली सुरू झाला आणि खोतीविरुद्ध वर्षानुवर्षे चालला. पुढे १९४८ साली कूळकायदा आला. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि कसणाऱ्याला मालक होण्याची वाट मोकळी झाली. जमीनदार सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा चांगला की वाईट, कुळाचे भले होते की मालकाचे नुकसान, याचा निवाडा न्यायालयाला करावयाचा नव्हता. असा कायदा करण्यास घटना मुभा देते की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे होते. देते, असा निकाल १९५८ साली लागला आणि कायदा टिकला.

पण एकच प्रश्न दोन्ही दारांवर गेला तर काय होते? तेही घडले आहे. रोह्याच्या पश्चिमेला मुरूडचे जंजिरा संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. अशा विलीन झालेल्या संस्थानिकांना तनखे देण्याची हमी घटनेत होती. १९७० साली ती काढून टाकण्याचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. दोन तृतीयांश हवे होते, म्हणजे १४९ आणि वर एक तृतीयांश मत! विधेयक पडले. साधे विधेयक असते तर संयुक्त बैठकीचा मार्ग होता. घटनादुरुस्तीला तोही नाही.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. संस्थानिक न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबरला अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश रद्द ठरविला.

परिणाम दोन्हीकडे सारखाच झाला, पण रीत पाहा. सभागृहाने हात मोजले. कोणी कोणत्या कारणाने मत दिले, हे सभागृहाला सांगावे लागत नाही. न्यायालयातही अखेर बहुमतच मोजले गेले. मात्र प्रत्येक बाजूला आपली कारणे लिहून द्यावी लागली, विरुद्ध मत असलेल्या न्यायमूर्तींनाही. मतदाराला सभासदाची जागा सहा वर्षांनी काढून घेता येते. निकालाला मात्र उत्तर कारणांनीच द्यावे लागते, नाहीतर घटनाच बदलावी लागते.

पुढे तसेच झाले. मार्च १९७१ मध्ये देशाने मतदान केले. त्याच वर्षी डिसेंबरात २६वी घटनादुरुस्ती होऊन तनखे गेले. दोन्ही दारे उघडली ती मतपेटीच्या जोराने, पण घटनेच्याच किल्लीने.

त्या पीठाचे सरन्यायाधीश न्या. हिदायतुल्ला पुढे उपराष्ट्रपती झाले आणि १९७९ ते १९८४ राज्यसभेच्या अध्यक्षस्थानी बसले. माणूस एकच; पण तेथे त्यांना निवाडा लिहावयाचा नव्हता, इतरांना बोलू द्यावयाचे होते. पेण-रोह्याच्या मतदाराने म्हणूनच दोन्हींकडून एकच अपेक्षा करू नये. कायदा अविचाराचा वाटला तर आपल्या प्रतिनिधीला जाब विचारावा. कायद्याने हक्कच हिरावला असेल तर न्यायालयाचे दार ठोठावावे.