चित्रातली चौकट : चित्रकाराने आखलेली आणि आपण आखलेली

चित्र काढण्यापूर्वी कागदावर, कॅनव्हासवर किंवा भिंतीवर जे रेषांचे जाळे आखतात त्याला चित्रकार ‘ग्रिड’ म्हणतात. आपण साध्या भाषेत त्याला चौकोन पाडणे म्हणतो. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या घरांत ही कल्पना नवी नाही. आधी ठिपके मोजून मांडायचे, मग रेषा जोडायच्या, आणि रांगोळी पूर्ण झाली की ठिपके रेषांखाली हरवून जातात. युरोपात पंधराव्या शतकात चित्रकारांच्या या जाळ्याला गणिताचा पक्का आधार मिळाला. तो आधार काय होता आणि त्याच्या नावावर आज काय काय खपवले जाते, हे सभासदांसाठी येथे मांडले आहे.

ग्रिड या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी कामे येतात. बहुतेक घोटाळा तिथेच सुरू होतो.

पहिले काम नकलेचे. लहान कच्च्या चित्रावर चौकोन पाडायचे, भिंतीवर तेवढेच पण मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन उतरवून घ्यायचा. सिनेमाचे मोठे फलक हाताने रंगवले जात तेव्हा आपल्याकडचे पेंटरही हेच करीत. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला या चर्चमध्ये मासाच्चोने १४२७च्या सुमारास रंगवलेल्या ‘त्रिमूर्ती’ या भित्तिचित्रात मेरीच्या चेहऱ्याच्या जागी गिलाव्यात कोरलेले चौकोन आजही सापडतात. लेओन बात्तिस्ता अल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दोऱ्यांचे चौकोन असलेला विरळ पडदा समोर धरून त्यातून वस्तू पाहायची युक्ती सांगितली आहे. हे जाळे हाताला मदत करते. चित्राची मांडणी कशी असावी, हे ते सांगत नाही.

दुसरे काम खोलीचे, म्हणजे यथार्थदर्शनाचे. सपाट भिंतीवर लांब जाणारी फरसबंदी दाखवायची तर मागच्या ओळी किती अरुंद करायच्या? त्या काळी काही जण प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या दोन-तृतीयांश काढत. अल्बेर्तीने ही रीत चूक ठरवली. बँकेत किंवा हिशेबखात्यात काम केलेल्यांना ती लगेच ओळखू येईल, कारण हा सरळसरळ घटत्या शिल्लकीवरचा घसारा आहे, दर ३३⅓ टक्के.

आकडे घेऊन पाहू. समजा क्षितिजरेषा चित्राच्या खालच्या कडेपासून १०० सेंटीमीटर उंच आहे, फरश्या चौरस आहेत आणि पाहणारा चित्रापासून चार फरश्यांइतका मागे उभा आहे. मग पहिली ओळ २० सेंटीमीटरवर संपते, दुसरी ३३.३ वर, तिसरी ४२.९ वर, चौथी ५० वर. म्हणजे पट्ट्यांची रुंदी अनुक्रमे २०, १३.३, ९.५ आणि ७.१. दोन-तृतीयांशाच्या रीतीने मात्र २०, १३.३, ८.९, ५.९ असे येते. पहिल्या दोन पट्ट्या तंतोतंत जुळतात, म्हणून ही रीत खरी वाटते. पण ती पुढे कितीही चालवली तरी सर्व पट्ट्यांची बेरीज ६० च्या पलीकडे जात नाही. फरशी क्षितिजापर्यंत पोहोचतच नाही, मध्येच अडकते. घसाऱ्याने यंत्राची किंमत शून्य होत नाही, त्याच जातीचा हा प्रकार.

अल्बेर्तीने यावर एक तपासणीही दिली आहे, आणि ती मला फार आवडते. फरसबंदीतल्या एका फरशीच्या कोपऱ्यापासून कर्ण काढा. आखणी बरोबर असेल तर तीच सरळ रेषा पुढच्या ओळींतल्या फरश्यांच्या कोपऱ्यांतूनही जाते. चूक असेल तर ती रेषा वाकवावी लागते. रोजकीर्द आणि खातेवही यांचा मेळ बसतो की नाही, तसे हे चटकन कळते.

या गणिताचा सर्वांत पक्का जाणकार चित्रकार म्हणजे पिएरो देला फ्रान्चेस्का. तो इटलीतल्या सानसेपोल्क्रो गावचा. त्याने चित्रांइतक्याच निष्ठेने गणिताची पुस्तके लिहिली. एक यथार्थदर्शनावर, एक पाच समघनांवर आणि एक व्यापारी अंकगणितावर. या शेवटच्या पुस्तकात भागीदारीतला नफा कसा वाटायचा आणि मालाची अदलाबदल कशी मोजायची, अशी उदाहरणे आहेत. उर्बिनोच्या संग्रहालयात त्याचे ‘ख्रिस्ताला फटके’ हे चित्र आहे. आकार ५८.४ × ८१.५ सेंटीमीटर, घरातल्या भिंतीवर मावेल एवढेच. डावीकडे मागे सभामंडपात ख्रिस्ताला मारहाण चालली आहे, तर उजवीकडे अगदी पुढे तीन माणसे तिकडे लक्ष न देता उभी आहेत. १९५३ मध्ये रुडॉल्फ विटकोवर आणि बी. ए. आर. कार्टर या दोन अभ्यासकांनी चित्रातल्या मापांवरून उलट हिशेब करून त्या जागेचा नकाशाच काढला, फरश्यांच्या नक्षीसह. इतक्या छोट्या चित्रातून तो निघू शकतो, कारण पिएरोने आधी नकाशा केला होता आणि मग चित्र.

याच सानसेपोल्क्रो गावातला दुसरा माणूस लुका पाचिओली. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असते. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या ग्रंथात द्विनोंदी हिशेबपद्धतीचे पहिले छापील विवेचन आहे. पाचिओली १४९६ मध्ये मिलानला गेला. तेव्हा लिओनार्दो दा विंची तिथे ‘अंतिम भोजन’ रंगवत होता. दोघांची मैत्री जमली, आणि १५०९ मध्ये पाचिओलीचे ‘दैवी प्रमाण’ हे पुस्तक निघाले तेव्हा त्यातल्या घनाकृतींची चित्रे लिओनार्दोच्या हातची होती. त्या पुस्तकाचा तिसरा भाग म्हणजे पिएरोच्या समघनांवरील पुस्तकाचे इटालियन भाषांतर आहे, आणि पिएरोचा तिथे नामोल्लेख नाही. व्हसारीने १५५० मध्ये याबद्दल पाचिओलीला जाहीर दोष दिला. हिशेबशास्त्राच्या पित्याने दुसऱ्याच्या जमेची रक्कम आपल्या खाती घातली, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरे काम आयताच्या विभागणीचे, आणि वाद आहे तो इथेच. चित्राची चौकट हाच आयत धरून त्याचे गणिती भाग पाडायचे व महत्त्वाच्या गोष्टी त्या रेषांवर ठेवायच्या. काही रीती अगदी सोप्या आहेत. आडव्या आयतात डाव्या कडेला चित्राच्या उंचीइतका चौरस कल्पायचा, तसाच उजव्या कडेला. ६० × ८० च्या कॅनव्हासवर त्यामुळे डावीकडून २० वर आणि ६० वर उभ्या रेषा मिळतात. ६० × ९० वर याच रीतीने बरोबर तीन समान भाग पडतात. वर्गमूळ दोनचा आयत तर आपल्या रोजच्या हाताळण्यातला आहे. ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. मधोमध घडी घातली की १४८ × २१० चा, त्याच आकाराचा लहान आयत मिळतो. पिएरोच्या वरील चित्राचे प्रमाण १.४० येते, म्हणजे वर्गमूळ दोनच्या जवळ.

मग सुवर्ण गुणोत्तर, १.६१८. याबद्दल थोडे सावध राहावे असे माझे मत आहे. पाचिओलीने या गुणोत्तराचे गोडवे गायले हे खरे, पण चित्राची मांडणी त्यानुसार करा असा नियम त्याने सांगितलेला नाही. वास्तूंसाठी तर तो व्हिट्रुव्हियसच्या साध्या पूर्णांकी प्रमाणांकडेच जातो. ‘सुवर्ण छेद’ हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात आढळतो तो १८३५ मध्ये, मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात. हे सौंदर्याचे सार्वत्रिक सूत्र आहे असे आडॉल्फ झायसिंगने मांडले ते १८५४ मध्ये. म्हणजे लिओनार्दोनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी.

तरीही पुस्तकांत लिओनार्दोच्या चित्रांच्या छायाचित्रांवर सोनेरी आयत आखलेले दिसतात. साधा हिशेब करा. छायाचित्रावर बारा उभ्या रेषा आखल्या आणि प्रत्येक रेषेला दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्के सूट दिली, तर चित्राच्या रुंदीचा ४८ टक्के भाग ‘रेषेवर’ येतो. मग कोणाचे नाक, कोणाचा हात त्यावर सापडला यात नवल कसले?

व्हाउचर हवे ते चित्रकाराच्या बाजूचे. ‘अंतिम भोजन’मध्ये ते आहे. ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलाजवळ भिंतीत खिळ्याचे छिद्र सापडले आहे, आणि छताच्या व भिंतींच्या मागे जाणाऱ्या रेषा तिथेच एकत्र येतात. बारा शिष्यांचे तीन-तीनांचे चार गट, दोन्ही बाजूंना दोन, हे तर मोजूनच घ्यावे. सुवर्ण गुणोत्तराचेही अस्सल व्हाउचर मिळते, पण विसाव्या शतकात. १९१२ मध्ये पॅरिसमधल्या चित्रकारांच्या एका गटाने आपल्या प्रदर्शनाला स्वतःच ‘सुवर्ण छेद’ असे नाव दिले. साल्वादोर दालीचे १९५५ चे ‘अंतिम भोजन’ वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचा कॅनव्हास सुमारे १६७ × २६७ सेंटीमीटर, प्रमाण १.६०, आणि वर बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाकृतीचा प्रचंड सांगाडा. पंचकोनाच्या कर्णाचे बाजूशी असलेले प्रमाण म्हणजेच सुवर्ण गुणोत्तर. इथे चित्रकाराने हिशेब उघड मांडला आहे.

बडोद्याच्या सभासदांना यासाठी दूर जावे लागत नाही. कमाटीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत युरोपीय चित्रे आहेत. ज्या चित्रात इमारत, खोली किंवा फरसबंदी असेल त्यासमोर उभे राहून एक डोळा मिटावा, हात लांब करून पेन्सिल एकेका मागे जाणाऱ्या कडेवर धरावी आणि त्या कडा कुठे मिळतात ते पाहावे. मुलांना सोबत नेले तर आधी घरी ए-फोर कागदावर चार ओळींची फरशी वरच्या आकड्यांनी आखून घ्यावी, आणि कर्ण सरळ येतो का ते पट्टीने तपासावे.