काळ्या कातळापासून जांभ्यापर्यंत

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला, थरांवर थर साचून थिजला आणि त्यातून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट, तयार झाला. कोकणातील जांभा हे बहुतांशी याच खडकाचे बदललेले रूप होय. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे बेसाल्टमधील सिलिका व इतर विरघळणारी द्रव्ये लाखो वर्षांत वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली आणि खडक तांबडा, सच्छिद्र झाला. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अशा दगडाला लॅटेराइट म्हटले. पाथरवटांना मात्र त्याचे गुण कितीतरी आधीपासून ठाऊक होते. चिरेखाणीतून नुकताच काढलेला जांभा ओलसर व मऊ असल्याने सहज तासता येतो आणि उघड्यावर वाळला की टणक बनतो, म्हणूनच घरे, विहिरी व गडगे यांसाठी त्याचे चिरे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. रत्नागिरी-राजापूर परिसरातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, प्राचीन माणसाने हत्ती, मासे आणि मनुष्याकृती कोरल्या. हा अनमोल ठेवा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला.