सिंगापूरच्या हवेत मेकअपची पहिली ओळख

मराठीत ‘रंगभूषा’ हा शब्द रंगभूमीकडे गेला आणि ‘नट्टापट्टा’ टोमण्यासाठी उरला. रोजच्या साध्या प्रसाधनासाठी मग ‘मेकअप’ हाच शब्द रूढ झाला. शिक्षण आणि नोकरीच्या धबडग्यात तिशी उलटेपर्यंत पावडर व काजळ यांपलीकडे काहीच न वापरलेल्या स्त्रिया मराठी घरांत कमी नाहीत. सिंगापुरात आल्यावर कार्यालयातील एखादे सादरीकरण किंवा गणेशोत्सवातील कार्यक्रम हे निमित्त ठरते आणि दुकानातील शेकडो डब्या-नळ्यांपुढे गोंधळ उडतो.

प्रारंभ हवेचा विचार करून करावा. विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश उत्तरेला असलेल्या या शहरात बाराही महिने दुपारचे तापमान ३१ ते ३३ अंशांच्या घरात असते आणि पहाटेची आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांवर जाते. अतिनील किरणांचा निर्देशांक निरभ्र दुपारी ११ च्याही पुढे, म्हणजे ‘अतितीव्र’ श्रेणीत पोहोचतो. त्यामुळे पहिली खरेदी सनस्क्रीनची. चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा लागतात. वाटाण्याएवढा ठिपका पुरत नाही. फाउंडेशनमध्ये ‘एसपीएफ’ लिहिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण ते इतके जाड कोणी लावत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली काही सनस्क्रीन सावळ्या त्वचेवर पांढुरकी दिसतात. अशा वेळी आयर्न ऑक्साइडची रंगीत छटा असलेले सनस्क्रीन निवडावे. ज्यांना वांगाचा त्रास आहे, त्यांना त्याचा दुहेरी उपयोग होतो; हा घटक दृश्य प्रकाशही काही अंशी अडवतो.

सनस्क्रीन मुरल्यावर फाउंडेशन, तेही पातळ आणि हवे तिथेच. थंड देशांत चित्रित झालेले व्हिडिओ पाहून थरावर थर चढवले, तर एमआरटी स्थानक गाठेपर्यंत ते ओघळू लागतात. नाक, कपाळ व हनुवटीवर थोडी पावडर पुरे. वातानुकूलित कार्यालयात गाल कोरडे पडतात, तिथे ती टाळलेली बरी.

सर्वांत जास्त चुका होतात त्या रंगछटा निवडताना, आणि त्यांचे मूळ दुकानात कमी, मनात अधिक असते. १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकणाऱ्या बाजाराने गोरेपणाची जी ओढ पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, ती २०२० मध्ये त्या क्रीमचे नाव बदलल्याने संपलेली नाही. गव्हाळ वा सावळ्या चेहऱ्यावर एक छटा उजळ फाउंडेशन लावले की चेहरा राखट दिसतो आणि मान वेगळी पडते. फाउंडेशनचे काम उजळवणे हे नाही. त्वचेशी एकरूप होणे हे आहे. कोरियन आणि जपानी उत्पादनांत गडद छटा अनेकदा मोजक्याच असतात, तेव्हा विक्रेत्याने ‘हीच सर्वांत जवळची’ म्हटले तरी घेण्याची सक्ती नाही. २०१७ मध्ये ‘फेंटी ब्यूटी’ने एकदम ४० छटा बाजारात आणल्यापासून इतर अनेक कंपन्यांनीही आपली श्रेणी वाढवली आहे.

निवडीची रीत सोपी आहे. जवळच्या तीन छटांच्या रेघा मनगटावर न ओढता जबड्याच्या कडेला ओढाव्यात, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात आरसा पाहावा. काही फाउंडेशने सुकताना गडद होतात, म्हणून ही प्रतीक्षा. जी रेघ दिसेनाशी होते, ती आपली. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, ही बहुचर्चित कसोटी गव्हाळ त्वचेवर फारशी भरवशाची नाही. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर थेट फिकट कन्सीलर लावल्यास ती करडी दिसतात. आधी नारिंगी झाक असलेल्या करेक्टरचा पुसट हात फिरवावा. ओठांसाठी विटकरी किंवा डाळिंबी लिपस्टिक घेतली, तर तिचाच ठिपका बोटाने गालांवर पसरता येतो आणि एक डबी वाचते.

काजळाबाबत मात्र काटकसर नको. पारंपरिक सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते, म्हणून घटकांची यादी नसलेली डबी, ती गावाकडून प्रेमाने आलेली असली तरी, डोळ्यांत घालू नये. आसियान देशांच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार सौंदर्यप्रसाधनात शिसे दशलक्ष भागांत २० आणि पारा १ भागापेक्षा अधिक नसावा. सिंगापुरात उत्पादन विक्रीस आणण्यापूर्वी कंपनीला हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे त्याची नोंद करावी लागते. ही नोंद म्हणजे सरकारने तपासून दिलेली पसंती नव्हे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘उजळ’ क्रीममध्ये पारा सापडल्याचे इशारे या संस्थेने अनेकदा दिले आहेत.

नवे उत्पादन कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपपूर्वी घालाव्यात आणि तो पुसण्याआधी काढाव्यात. रात्री तेलकट क्लिन्झरने थर सैल करून मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुवावा. वेष्टनावरील उघड्या डबीच्या चित्रातला आकडा, ती उघडल्यापासून किती महिने वापरावी हे सांगतो. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत बदलावा आणि तो मैत्रिणीलाही वापरायला देऊ नये.