एक जिल्हा, चार सॉर्टिंग विभाग: नगरच्या पिनकोडची घडण

पत्त्याच्या अर्जातील सहा चौकटींमध्ये लिहिला जाणारा पिनकोड हा जिल्ह्याचा क्रमांक आहे, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र रूढ असला तरी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात तो टिकत नाही. नगर शहराचा पिनकोड ४१४००१ आहे, परंतु श्रीगोंदा ४१३७०१, संगमनेर ४२२६०५ आणि कोपरगाव ४२३६०१ असल्यामुळे एकाच जिल्ह्यातील पत्ते चार वेगवेगळ्या आरंभांनी लिहिले जातात, आणि अर्ज भरणाऱ्याला आपलाच आकडा चुकला असावा अशी शंका येते. ही चूक नसून पिनकोड ज्या कामासाठी निर्माण झाला त्याची ती खूण आहे.

पिनकोड येण्यापूर्वी ग्रामीण पत्त्याचा सारा भार 'मु. पो. ता. जि.' या चार संक्षेपांवर होता. मुक्काम म्हणजे राहण्याचे गाव, पोस्ट म्हणजे ज्या डाकघरातून टपाल वाटले जाते ते गाव, आणि त्यापुढे तालुका व जिल्हा. गावातच डाकघर असल्यास 'मु. पो.' एकत्र लिहीत, नसल्यास दोन्ही नावे वेगळी देत. ही पद्धत नेमकी होती, पण पत्ता अपुरा लिहिला गेला किंवा वर्गीकरण करणाऱ्याला त्या भाषेची लिपी वाचता आली नाही, की ती कोलमडत असे. कर्जत नगर जिल्ह्यात आहे तसे रायगड जिल्ह्यातही आहे, आणि बेलापूर श्रीरामपूर तालुक्यात आहे तसे नवी मुंबईतही. अशी जुळी नावे तर देशभर विखुरलेली होती.

या अडचणीवर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली. तिच्यातील पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवतो, दुसरा त्यातील उपविभाग, आणि तिसऱ्या अंकाने सॉर्टिंग विभाग, म्हणजे टपालाच्या छाननीचे क्षेत्र, निश्चित होतो. शेवटचे तीन अंक टपाल वाटणाऱ्या एका डाकघराचे असतात. ४ या अंकाखाली महाराष्ट्र व गोव्यासह मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही येतात, यावरूनच राज्याची सीमा येथे प्रमाण मानलेली नाही हे दिसते. कर्जत ४१४४०२ आणि रायगडातील कर्जत ४१०२०१ असे लिहिले की नावांचा घोळ तेथेच मिटतो.

सॉर्टिंग विभागांची आखणी टपालाच्या वाहतुकीला धरून झाली, जिल्हाधिकारी कचेरीच्या हद्दीला धरून नव्हे. १८७८ मध्ये सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्ग जिल्ह्याच्या मधून जातो. पुणे जिल्ह्यातील दौंडचा पिनकोड ४१३८०१, पुढे नगर ४१४, त्यानंतर राहुरी व श्रीरामपूर पुन्हा ४१३, आणि शेवटी कोपरगाव व मनमाड ४२३, असा क्रम या एकाच मार्गावर आढळतो. ४१३ या विभागात सोलापूरही आहे आणि लातूरही. पश्चिमेकडील अकोले व संगमनेर मात्र नाशिकच्या ४२२ मध्ये मोडतात. शिर्डी पूर्वी कोपरगाव तालुक्यात होती, पुढे राहाता हा स्वतंत्र तालुका झाला आणि पत्त्यातील तालुक्याचे नाव बदलले, परंतु ४२३१०९ हा आकडा कायम राहिला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले, तेव्हाही एकाही डाकघराला आकडा बदलावा लागला नाही. त्यामुळे संगमनेरच्या रहिवाशाने जिल्हा अहिल्यानगर आणि पिनकोड ४२२ ने सुरू होणारा लिहिणे सर्वस्वी योग्य आहे. अर्जाच्या संगणकीय प्रणालीने 'नाशिक' सुचवले तरी आकडा बदलू नये, जिल्हा दुरुस्त करावा.

या रचनेची मर्यादा शेवटच्या तीन अंकांत आहे. शाखा डाकघरांना, म्हणजे उपडाकघराच्या हाताखालील खेड्यांतील लहान डाकघरांना, स्वतंत्र आकडा नसतो. म्हणून राळेगणसिद्धी आणि पारनेर या दोहोंचा पिनकोड ४१४३०२ हाच आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये पाच अंकी झिप कोड आला आणि १९८३ मध्ये त्याला चार अंकांची जोड मिळाली, जी रस्त्याच्या एका भागापर्यंत किंवा एखाद्या इमारतीपर्यंत पोहोचवते. विस्तारित टपाल संकेतांक म्हणतात तो हाच. भारतीय पिनकोडला असे शेपूट कधी जोडले गेले नाही. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षर-अंकांचा संकेतांक वेगळ्या तत्त्वावर उभा आहे: देशाच्या नकाशाचे सोळा चौकोन, त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असे दहा वेळा विभाजन करून तो सुमारे ४ मीटर बाजूच्या चौकोनापर्यंत येतो.

गावठाणापासून दूर, कालव्याच्या चारीवर किंवा शेतातील वस्तीवर राहणारी कुटुंबे नगर जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा पत्ता आजही गट नंबर व वस्तीच्या नावावर चालतो. अशा घरांना डिजिपिनचा खरा उपयोग आहे, आणि तो आधी त्यांच्यापर्यंत पोहोचला पाहिजे. शहरात त्याची मर्यादा लगेच दिसते, कारण तो उंची मोजत नाही: नगरच्या सावेडी उपनगरातील एखाद्या इमारतीत एकावर एक असलेल्या सदनिकांचा डिजिपिन एकच येतो, तेव्हा मजला आणि सदनिका क्रमांक लिहावाच लागतो. पिनकोडच्या सहा चौकटींत मात्र डिजिपिनची अक्षरे मावत नाहीत. तेथे डाकघराचाच आकडा लिहायचा असतो.