डॉनकास्टरच्या मैदानावरचा ‘सयाजीराव’

सप्टेंबर १९४७. भारताला स्वातंत्र्य मिळून जेमतेम महिना होत होता. तेव्हा इंग्लंडातील डॉनकास्टरच्या मैदानावर ‘सेंट लेजर’ ही मानाची शर्यत एका घोड्याने निसटत्या फरकाने जिंकली. घोड्याचे नाव : सयाजीराव.

तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या पाच इंग्लिश ‘क्लासिक’ शर्यतींत सेंट लेजर सर्वांत जुनी. डर्बीपेक्षाही चार वर्षांनी थोरली. अठराव्या शतकातल्या मोठ्या शर्यती बहुधा पाच-सहा वर्षांच्या घोड्यांच्या असत. चार-चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशी पुनःपुन्हा धावाव्या लागत. कसोटी वेगाइतकीच दमाची असे. १७७६ मध्ये कर्नल अँथनी सेंट लेजर यांनी तीन वर्षांच्या घोड्यांची दोन मैलांची एकच दौड ठरवली. (शर्यतीला त्यांचे नाव मिळाले १७७८ मध्ये. अंतर पुढे घटून पावणेदोन मैलांच्या थोडे वर आले.) घोडा लहान वयात पारखला गेला, की त्यात गुंतवलेला पैसाही लवकर मोकळा होतो. पैदास करणाऱ्या धनिकांना हे मानवले नसते तरच नवल.

आता आपल्या घोड्याकडे वळू. १९४५ च्या डर्बीविजेत्या ‘डान्टे’चा हा सख्खा धाकटा भाऊ. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी तो त्याच वर्षी २८,००० गिनींना घेतला, म्हणजे २९,४०० पौंडांना. तेव्हाच्या दराने सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये. नाव ठेवले आपल्या आजोबांचे.

हे आजोबा म्हणजे कौळाण्याचे गोपाळराव, १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारे महाराजा सयाजीराव. १९१३ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. एकूण ४१४ पौंड. तीस वर्षांत पैशाचे मोल घटले होते, हे मान्य. तरीही त्या घोड्याच्या किमतीत अशा ७१ शिष्यवृत्त्या बसतात. नातवाने आजोबांचे नाव आदराने ठेवले असेलच, पण मला हा हिशेब डोळ्याआड करता येत नाही. तो बडोद्याच्या प्रजेलाही फार काळ डोळ्याआड करता आला नाही. १९४८ मध्ये महाराजांच्या खर्चावरून तेथे वादळ उठले, १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली.

घोड्याचा वंश मात्र मैदानात टिकला. १९६४ ची सेंट लेजर ‘इंडियाना’ने जिंकली, तो सयाजीरावाचाच मुलगा.