जागा अपुरी, अद्ययावतीकरण अडले : स्मार्टफोनमधील साठवणुकीचे गणित

‘पुरेशी जागा उपलब्ध नाही’ ही सूचना स्मार्टफोनच्या पडद्यावर उमटली, की वापरकर्त्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर घरच्या चतुर्थीची छायाचित्रे, नातवंडांच्या चित्रफिती किंवा जुने संदेश पुसायचे, नाहीतर फोनची प्रणाली जुनीच राहू द्यायची. अनेकजण दुसरी वाट धरतात आणि ‘नंतर आठवण करा’ या पर्यायावर बोट ठेवून मोकळे होतात. वरवर किरकोळ भासणाऱ्या या कृतीने फोनच्या सुरक्षेत त्रुटी राहते आणि पुढे बँकेचे किंवा संदेशवहनाचे अ‍ॅपही बंद पडू शकते. अद्ययावतीकरणाला एवढी जागा का लागते, कंपन्यांनी त्यावर कोणते उपाय केले आणि ग्राहकाच्या हाती काय उरते, याचा हा आढावा.

खोक्यावरचा आकडा आणि हातातली जागा

फोनच्या खोक्यावर छापलेली साठवण क्षमता आणि ग्राहकाला प्रत्यक्ष वापरता येणारी जागा यांत नेहमीच अंतर असते. त्याचे पहिले कारण मोजमापाचे. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे एक अब्ज बाइट असे धरतात. संगणकशास्त्रातील जुन्या रूढीप्रमाणे मात्र तो १०२४ च्या पटीत मोजला जातो. त्यामुळे १६ जीबीचा फोन दुसऱ्या पद्धतीने मोजल्यास सुमारे १४.९ जीबीचा आणि ६४ जीबीचा फोन सुमारे ५९.६ जीबीचा ठरतो. दुसरे कारण अधिक वजनदार आहे. फोन चालवणारी मूळ प्रणाली, कंपनीने आधीच बसवलेली अ‍ॅप आणि राखीव विभाग ही सारी मंडळी ग्राहकाच्या आधीच घरात मुक्कामाला आलेली असतात.

२०१४ च्या डिसेंबर महिन्यात याच अंतरावरून अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात ॲपल कंपनीविरुद्ध दावा दाखल झाला. जाहिरात केलेल्या क्षमतेपैकी २३.१ टक्क्यांपर्यंत जागा आयओएस ८ ही प्रणाली व्यापते आणि ग्राहकाला याची पुरेशी कल्पना दिली जात नाही, असा दावेदारांचा आक्षेप होता. ज्यांच्याकडे १६ जीबीचा फोन होता, त्यांना ही टक्केवारी सर्वाधिक बोचणारी होती.

एक जीबीच्या फायलीला पाच जीबी का?

वापरकर्त्याचा सर्वांत मोठा वैताग येथेच असतो. उतरवून घ्यायची फाइल एक-दीड जीबीची, पण फोन मागतो त्याच्या कितीतरी पट जागा. याचे उत्तर घराच्या दुरुस्तीच्या उदाहरणाने समजते. जुन्या घराचे छप्पर बदलायचे, तर नवी कौले अंगणात उतरवावी लागतात, जुनी काढून ठेवावी लागतात आणि कारागिरांना वावरायला मोकळी जागा लागते. काम संपल्यावर अंगण पुन्हा रिकामे होते. पण काम चालू असेपर्यंत ते मोकळे हवेच.

अद्ययावतीकरणातही असेच घडते. फाइल दाबून लहान केलेल्या स्वरूपात येते. ती फोनमध्ये साठवावी लागते, मग उलगडावी लागते, तिचा खरेपणा तपासावा लागतो आणि जुन्या भागांच्या जागी नवे भाग बसवावे लागतात. मध्येच वीज किंवा बॅटरी संपली तर फोन निकामी होऊ नये म्हणून काही मजकूर दोन्ही रूपांत काही काळ ठेवावा लागतो. म्हणून मागितलेली बरीचशी जागा तात्पुरती असते आणि काम संपल्यावर परत मिळते. मात्र प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर मूळ प्रणालीही थोडी फुगते आणि तेवढी जागा कायमची जाते.

आयओएस ८ चा धडा

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण २०१४ मध्ये घडले. १७ सप्टेंबर २०१४ रोजी आयओएस ८ ही प्रणाली प्रसृत झाली. फोनवरूनच थेट ती घ्यायची, तर सुमारे ४.५८ जीबी मोकळी जागा लागत होती. काही उपकरणांवर त्याहूनही अधिक. ज्यांच्या फोनची एकूण क्षमताच १६ जीबी आणि छायाचित्रांनी भरलेली, त्यांना हे शक्यच नव्हते. संगणकाला फोन जोडून अद्ययावतीकरण केल्यास फाइल उतरवणे आणि उलगडणे हे काम संगणकावर होते आणि फोनवर फारच कमी जागा लागते. परंतु हा मार्ग अनेकांना ठाऊक नव्हता आणि कित्येकांकडे संगणकही नव्हता.

परिणाम आकड्यांतही उमटला. ॲपलच्या स्वतःच्या मोजणीनुसार २१ सप्टेंबरला ४६ टक्के उपकरणांवर आयओएस ८ पोहोचली होती. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ५ ऑक्टोबरला, हे प्रमाण केवळ ४७ टक्के होते. दरम्यान आलेल्या ८.०.१ या दुरुस्तीमुळे काही नव्या फोनवरील मोबाइल सेवाच बंद पडली आणि ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. त्यामुळेही लोक बिचकले हे खरे. तरी जागेचा अडसर हे या मंदगतीचे मोठे कारण मानले गेले.

कंपनीने पुढच्याच वर्षी त्यावर उपाय केला. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या आयओएस ९ साठी लागणारी मोकळी जागा ४.५८ जीबीवरून १.३ जीबीवर आली. जागा कमी पडल्यास काही अ‍ॅप तात्पुरती काढून, काम संपताच ती पुन्हा बसवण्याची सोयही देण्यात आली. २०१६ मध्ये आयफोन ७ बरोबर कंपनीने नव्या प्रमुख फोनमधील १६ जीबीचा प्रकार बंद करून किमान क्षमता ३२ जीबी केली. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये न वापरली जाणारी अ‍ॅप आपोआप बाजूला काढून त्यांतील माहिती जपून ठेवण्याचा पर्याय आला.

अँड्रॉइडची दुहेरी वाट

अँड्रॉइड फोनमध्ये पूर्वी अद्ययावतीकरण म्हणजे फोन बंद होणे, पडद्यावर यंत्रमानवाचे चित्र दिसणे आणि बराच वेळ वाट पाहणे असे. २०१६ मधील अँड्रॉइड ७.० पासून गुगलने वेगळी रचना उपलब्ध करून दिली. तीत प्रणालीसाठी दोन समांतर कप्पे असतात. फोन एका कप्प्यातून चालत असताना नवी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात मांडली जाते आणि फोन पुन्हा सुरू केला, की तो नव्या कप्प्यातून उठतो. काही बिघडले तर जुना कप्पा शाबूत असतोच. पुढे अँड्रॉइड ८.० मध्ये फाइल आधी साठवून न ठेवता ती उतरत असतानाच थेट दुसऱ्या कप्प्यात लिहिण्याची सोय झाली. त्यामुळे वापरकर्त्याच्या वाट्याच्या जागेतून शंभरेक किलोबाइटच पुरू लागले.

या सोयीचीही किंमत होती. प्रणालीच्या दोन प्रती कायम ठेवायच्या, तर तेवढी जागा आधीच अडकून पडते. कमी क्षमतेच्या फोनला हे परवडणारे नव्हते. म्हणून २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये मधला मार्ग काढण्यात आला. दुसरा कप्पा कायमचा न ठेवता केवळ बदलणारे भाग तात्पुरते टिपून ठेवायचे आणि त्यासाठी गरज पडल्यास वापरकर्त्याच्या मोकळ्या जागेतून उसनवारी करायची, अशी ही पद्धत. अँड्रॉइड १२ मध्ये हे टिपणही दाबून लहान करण्याची सोय आली. तात्पर्य असे, की जागा कायमची घेतली काय किंवा तात्पुरती मागितली काय, ती लागतेच. प्रश्न फक्त कोणाच्या वाट्यातून, एवढाच असतो.

सर्व कंपन्यांनी ही रचना तातडीने स्वीकारली असेही नाही. सॅमसंगने ती प्रथम २०२४ मध्ये गॅलेक्सी ए५५ या फोनमध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये एस२५ या प्रमुख मालिकेत आणली.

स्वस्त फोन, महाग जागा

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण येथील बहुसंख्य ग्राहकांनी स्मार्टफोनच्या जगात प्रवेश केला तो कमी क्षमतेच्या फोनमधून. गुगलने सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातूनच अँड्रॉइड वन हा उपक्रम सुरू केला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे त्यातील पहिले फोन सुमारे ६,३९९ रुपयांपासून मिळत आणि त्यांची अंतर्गत साठवण होती अवघी ४ जीबी. त्या काळी इंटरनेटचा खर्चही अडसर होता. म्हणून एअरटेलच्या ग्राहकांना पहिले सहा महिने प्रणालीची अद्यतने मोफत उतरवून घेण्याची सवलत जाहीर झाली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झाले. मात्र त्याबरोबर संदेश, छायाचित्रे आणि चित्रफितींचा ओघ वाढला आणि अडचण डेटाकडून साठवणुकीकडे सरकली.

२०१८ च्या आरंभी वॉल स्ट्रीट जर्नलने भारतीयांच्या ‘गुड मॉर्निंग’ संदेशांवर वृत्त दिले. फुले, उगवता सूर्य आणि सुविचार असलेल्या चित्रांनी फोन कसे भरून जातात, याचे त्यात वर्णन होते. वेस्टर्न डिजिटल या साठवण उपकरणे बनवणाऱ्या कंपनीच्या हवाल्याने त्यात म्हटले होते, की भारतातील तीनपैकी एका स्मार्टफोनधारकाची जागा दररोज संपते. अमेरिकेत हे प्रमाण दहापैकी एक होते. गुगलने डिसेंबर २०१७ मध्ये ‘फाइल्स गो’ हे जागा मोकळी करणारे अ‍ॅप आणले आणि त्याच महिन्यात एक जीबी किंवा त्याहून कमी रॅम असलेल्या फोनसाठी अँड्रॉइडची हलकी ‘गो’ आवृत्तीही दिली.

टाळाटाळीची किंमत

अद्ययावतीकरण म्हणजे केवळ नवी चिन्हे आणि नवे रंग असा समज रूढ आहे. तसे असते तर ते टाळल्याने फारसे बिघडले नसते. २०१५ च्या जुलैमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखली जाणारी अँड्रॉइडमधील त्रुटी उघड झाली. विशिष्ट प्रकारे बनवलेल्या बहुमाध्यमी संदेशातूनही फोनमध्ये शिरकाव होणे त्यामुळे शक्य होते. त्यानंतरच, ऑगस्ट २०१५ पासून, गुगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याची पद्धत सुरू केली. आयफोनच्या बाबतीत १३ सप्टेंबर २०२१ रोजी आलेल्या आयओएस १४.८ ने ‘पेगासस’ हे पाळतीचे साधन वापरत असलेली एक त्रुटी बुजवली. ज्याच्या फोनमध्ये जागा नव्हती, त्याच्यासाठी ती त्रुटी उघडीच राहिली.

दुसरी किंमत अ‍ॅपच्या रूपाने मोजावी लागते. जुन्या प्रणालींना मिळणारा पाठिंबा अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्या टप्प्याटप्प्याने काढून घेतात. व्हॉट्सॲपने २०२५ च्या मध्यापासून आयओएस १५.१ पेक्षा जुन्या प्रणालीवरील आयफोनसाठी सेवा बंद केली. त्यांपैकी काही फोन त्यापुढील आवृत्ती घेण्यास असमर्थच होते. पण ज्यांचे फोन सक्षम होते आणि केवळ जागेअभावी मागे राहिले, त्यांनाही तोच फटका बसला. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांशी ज्यांचा रोजचा संवाद या एका अ‍ॅपवर अवलंबून आहे, अशा ज्येष्ठांसाठी हे तांत्रिक प्रकरण राहत नाही.

जागा मोकळी करताना

घाईत केलेल्या सफाईत मौल्यवान गोष्टी जातात आणि निरुपयोगी तशाच राहतात, असा अनेकांचा अनुभव असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

• प्रथम फोनच्या सेटिंग्जमधील साठवणुकीचा विभाग पाहावा. कोणत्या अ‍ॅपने किती जागा व्यापली आहे, हे तेथे कळते. बहुतेकांच्या बाबतीत संदेशवहनाचे अ‍ॅप आणि चित्रफिती वरच्या क्रमांकावर असतात.

• व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये साठवणूक व्यवस्थापनाचा पर्याय आहे. पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फायली तेथे वेगळ्या दिसतात. कौटुंबिक छायाचित्रांना हात न लावता येथूनच बरीच जागा मिळू शकते. माध्यमे आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद केल्यास फोन पुन्हा लवकर भरत नाही.

• पुसलेली छायाचित्रे लगेच जात नाहीत. आयफोनमध्ये ती ‘अलीकडे हटवलेले’ या दालनात ३० दिवसांपर्यंत राहतात आणि तोवर जागाही अडवतात. पुसूनही जागा वाढली नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

• गुगल फोटोजमध्ये छायाचित्र पुसले, तर ते फोनवरून आणि ऑनलाइन साठ्यातूनही जाते. केवळ फोनवरची प्रत काढायची असेल, तर जागा मोकळी करण्याचा स्वतंत्र पर्यायच वापरावा. १ जून २०२१ पासून नवी छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजली जातात, हेही ध्यानात ठेवावे.

• आयफोन संगणकाला जोडून अद्ययावत केल्यास फोनवर कमी मोकळी जागा पुरते. अँड्रॉइड फोनमध्ये मेमरी कार्डाची सोय असल्यास छायाचित्रे व चित्रफिती तेथे हलवाव्यात.

• काम सुरू करण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत ठेवावी आणि बॅटरी पुरेशी भरलेली असावी.

प्रश्न संपलेला नाही

आज साध्या फोनमध्येही ६४ किंवा १२८ जीबी मिळतात. तेव्हा हा इतिहास झाला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु जागेबरोबर तिची मागणीही वाढते. ॲपलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये ४ जीबी मोकळी जागा लागत होती. डिसेंबरमधील आयओएस १८.२ मध्ये ती ७ जीबी झाली. २०१४ च्या १६ जीबीच्या फोनची जवळपास अर्धी क्षमता आता एका सुविधेला लागते.

दुसरीकडे फोनचे आयुष्य वाढत आहे. गुगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षे अद्यतने देण्याचे आश्वासन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत फोनची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अद्यतनांबाबत अटी आहेत. सात वर्षांचे आश्वासन सातव्या वर्षी उपयोगी पडायचे, तर तोवर फोनमध्ये जागा शिल्लक असली पाहिजे. म्हणून फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतकाच एक साधा प्रश्न दुकानदाराला विचारण्याजोगा आहे : प्रणाली वजा जाता या फोनमध्ये प्रत्यक्ष किती जागा मिळेल? बहुतेक दुकानांत नमुन्यासाठी ठेवलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये त्याचे उत्तर एका मिनिटात सापडते.