३१ ऑगस्ट : जन्मावरचा शिक्का पुसला

३१ ऑगस्ट १९५२ रोजी ‘गुन्हेगार जमाती कायदा’ देशभरातून रद्द झाला. अख्ख्या जमातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, पोलिसांपुढे हजेरी लावायला लावणारा हा कायदा गेला. कैकाडी, वडार, पारधी, कंजारभाट ‘विमुक्त’ झाले.

नगर जिल्ह्याला ही माणसं परकी नाहीत. होळी ते गुढीपाडवा पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत भटक्यांची पालं पडतात, गाढवांचा बाजार भरतो. पण यात्रा उठली की त्यांना थारा कुठे? पालाला घर क्रमांक नसतो, सातबारा तर दूरच. आणि विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी राज्यात राहत असल्याचा! ज्यांच्या आजोबांनी सारा जन्म पाठीवर बिऱ्हाड घेऊन काढला, त्यांच्याकडे हा कागद मागणं मला अन्यायाचं वाटतं.

जन्मावरून डावललं जाणं फक्त इथलंच नाही; भारतातूनच गेलेल्या रोमा लोकांचं बाल्कनमध्ये काय झालं, तेही पाहावं. बोस्नियात रोमा आणि ज्यू नागरिकांना राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही, हा भेदभावच आहे, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २२ डिसेंबर २००९ रोजी दिला. दाद मागणारे होते देर्वो सेज्दिच आणि याकोब फिन्सी.

आपल्याकडे विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. कायदा जाऊन तोवर ७२ वर्षं झाली होती.